जुनी ओढणी घेऊन लखनौला

घरातल्या ओढण्या एकदा मोजून बघा. ड्रेस केव्हाच आखूड झाला, फाटला, कुणाला तरी देऊन टाकला. ओढणी मात्र मागे राहते. पुण्यात स्कूटरवर तोंडाला बांधून उन्हाने विटलेले स्कार्फ, आहेरात आलेले आणि घडीही न मोडलेले स्टोल, मावशीने "आता मला हा रंग नको" म्हणत पुढे केलेली जॉर्जेटची ओढणी. बोहारीण साडी बघून पातेलं द्यायला तयार व्हायची, पण ओढणी बघून ती नाक मुरडायची. गोधडीत घालायला ओढणी फार पातळ, पुसणं करायला फार बुळबुळीत. म्हणून ती कपाटाच्या तळाशी जाते आणि तिथेच राहते.

त्यातली एक निवडा आणि लखनौच्या पुढच्या सहलीत सोबत न्या. बडा इमामबाडा आणि भूलभुलैया बघून, चौकातून चार चिकनचे कुर्ते घेऊन लोक परत येतात. (हे चिकन भरतकामाचं. घरात लहान मुलं असतील तर हा खुलासा आधीच केलेला बरा, नाहीतर लेखभर हसत बसतील.) पण लखनौ हे नुसतं विकत घेण्याचं गाव नाही. कापडावर ठसा उठवणारा वेगळा, टाके घालणारी वेगळी, धुणारा वेगळा, रंगवणारा वेगळा, अशी कामांची वाटणी तिथे अजून टिकून आहे. या माणसांकडे एकच जुनी ओढणी घेऊन गेलात तरी काम होतं. थोडं त्यांनी करायचं, उरलेलं तुम्ही घरी येऊन करायचं. हातात छंद येतो आणि ओढणी पुन्हा खांद्यावर.

निघण्याआधी घरी एक काम करा. ओढणी कशाची आहे ते शोधा. दुकानदाराने त्या वेळी काय सांगितलं होतं, ते विसरून जा. कडेचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत उभं राहून काडी लावा (मुलांनी हे मोठ्यांसोबतच करावं). कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख राहिली, तर सुती किंवा व्हिस्कोस. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. धागा वितळून त्याचा टणक मणी झाला तर पॉलिएस्टरसारखं कृत्रिम सूत. पुढचं सगळं या काडीवर अवलंबून आहे. सुती आणि व्हिस्कोस घरच्या बादलीतही रंगतं. रेशमाला थोडं व्हिनेगर घातलेलं गरम पाणी आणि वेगळा रंग लागतो. पॉलिएस्टर मात्र घरच्या रंगाला दाद देत नाही. त्याचे रंगच वेगळे असतात आणि ते चढायला चांगली उकळी लागते. "रंगवली पण धुतल्यावर सगळा रंग गेला" अशी तक्रार करणाऱ्या दहा जणींपैकी बऱ्याच जणींनी पॉलिएस्टरच बुडवलेलं असतं.

दुसरी परीक्षा उजेडाची. ओढणी खिडकीत आडवी धरा. विरलेली जागा, बारीक भोकं, पिनांनी पडलेले खोचे लगेच दिसतात. भोकं दिसली म्हणून ओढणी बाद करू नका. चिकनच्या बुट्या नेमक्या अशाच जागी बसवता येतात. फक्त कापड ओढल्यावर चरचर फाटत असेल तर ते सोडून द्या. त्याच्यावर टाका धरणार नाही.

मुंबईहून पुष्पक एक्सप्रेस रोज लखनौला जाते. जवळपास एक दिवसाचा प्रवास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. थंडी कडक असते, पण त्याच दिवसांत सकाळी चौकात गोल दरवाज्याजवळ मक्खन मलाई मिळते. दुधाचा हलका, केशरी फेस, चमच्यात घेतला की तोंडात नाहीसा होतो. तो खाऊन कामाला लागा.

योग जमला तर लखनौमध्ये एक रविवार मिळेल असं बघा. जुन्या शहरात नखास नावाची वस्ती आहे. तिथे रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो. कुलुपं, घड्याळं, भांडी, पुस्तकं, चपला आणि कपड्यांचे ढीग. मुंबईच्या चोरबाजारात फिरलेल्यांना ओळखीचं वाटेल. घरून ओढणी आणली नसेल तर अशा ढिगात हात घाला. चिकनचं जुनं काम अधूनमधून सापडतं, कुणाच्या तरी लग्नातलं, कुणाच्या आजीचं. सापडेलच याची खात्री नाही. ढीग उपसायला मात्र पैसे पडत नाहीत.

अशा वेळी ओढणी उलटी करून बघायची, हे लखनौत शिकण्यासारखं पहिलं कौशल्य. आपण कापडाची सुलट बाजू बघतो, जाणकार आधी उलट बाजू बघतात. मशीनवर केलेल्या कामाची मागची बाजू पुढच्याइतकीच एकसारखी असते. खालून बॉबिनचा धागा गेलेला असतो, कधी कधी आधाराला लावलेल्या कागदासारख्या अस्तराचे तुकडेही चिकटलेले दिसतात. हाताच्या कामात मागे गाठी असतात, एका पाकळीकडून दुसरीकडे गेलेला धागा असतो, एक फूल किंचित मोठं आणि शेजारचं किंचित लहान असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा गबाळेपणा वाटतो. पण हीच सही आहे.

उलट बाजूचं अप्रूप चिकनमध्ये आणखी एका कारणाने आहे. या कामातला एक मुख्य टाका मुळात मागूनच घालतात. त्याला बखिया म्हणतात. पाकळीच्या दोन्ही कडा धरत सुई इकडून तिकडे जाते आणि धाग्याची जाळी कापडाच्या मागे साठत राहते. पुढून फक्त पाकळीची बारीक कड दिसते आणि पातळ कापडातून मागच्या धाग्याची सावली. तुमच्या आईने किंवा आजीने शाळेत शिवणाच्या तासाला शॅडो वर्क केलं असेल तर तो हाच प्रकार. आजीला विचारा, तिच्या ट्रंकेत एखादा रुमाल नक्की निघेल. दुसरा सोपा टाका टेपची. तो म्हणजे आपला धावदोराच, पण इतका बारीक आणि सरळ की देठ, वेली, पानांच्या रेषा त्यावरच उभ्या राहतात. मग फुगीर टाके येतात. फंदा म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढी गाठ, मुर्री म्हणजे तांदळाच्या दाण्यासारखी लांबट. आणि जाली. जालीत एकही धागा कापत नाहीत, काढतही नाहीत. बोथट सुईने उभे-आडवे धागे बाजूला सारून घट्ट बांधून टाकतात आणि कापडातच खिडक्या तयार होतात. चिकनमध्ये ३२ टाके आहेत असं सर्रास सांगतात. कुणी त्याहून जास्त मोजतं. तुम्हाला टेपची, बखिया आणि फंदा हे तीन आले तरी पहिली ओढणी पार पडते.

ही कला नूरजहानने आणली अशी गोष्ट तिथला प्रत्येक दुकानदार सांगेल. ऐकून घ्यावी, गोड असते.

आता रंग. रंग आधी की भरतकाम आधी, हा प्रश्न तुम्हाला अमीनाबादला जाण्याआधी सोडवावा लागेल. आधी ओढणी रंगवली आणि मग पांढऱ्या धाग्याने भरली, तर काम उठून दिसतं आणि चुकलेले टाकेही उठून दिसतात. आधी पांढऱ्या सुती कापडावर सुती धाग्याने भरून मग सगळंच रंगात बुडवलं, तर कापड आणि धागा दोन्ही एकाच रंगाचे होतात, फक्त धागा थोडा वेगळा चमकतो. हे शांत, देखणं दिसतं आणि नवशिक्यांना माफक झाकून घेतं. तिसरी गंमत सुताच्या फरकाची. ओढणी सुती आणि तिच्यावरचं जुनं भरतकाम पॉलिएस्टर धाग्याचं असेल, तर सुती रंगात बुडवल्यावर कापड रंगतं आणि फुलं जवळजवळ पांढरीच राहतात. काडी लावून बघायला सांगितलं ते एवढ्यासाठीही.

अमीनाबाद म्हणजे लखनौचं दादर म्हणा. कपडे, बांगड्या, मसाले, कबाब, कुल्फी, सगळं एकात एक शिरलेलं. बांगड्या आणि नकली दागिन्यांच्या गल्लीचं नावच गडबडझाला आहे. अशा बाजारांत ओढण्या रंगवणारे रंगरेज बसतात. समोर पेटलेली शेगडी, त्यावर उकळतं पाणी, डबे भरून रंगाची पूड, हाताची बोटं कायम निळी-जांभळी. कुर्त्याचा तुकडा दाखवा, रंगरेज चिमटीने दोन-तीन पुडी पाण्यात सोडतो, कापडाचं एक टोक बुडवतो, पिळून तुकड्याशेजारी धरतो, मान हलवतो, आणखी चिमूटभर. वजनकाटा नाही, मोजमाप नाही. ओल्या कापडाचा रंग वाळल्यावर फिका होतो, तेवढा हिशोब त्याने डोळ्यांत धरलेला असतो. मग मीठ. सुती कापडात रंग ढकलायला मीठ लागतं, हे तुम्ही घरी कराल तेव्हाही लक्षात असू द्या. पाच-दहा मिनिटं काठीने फिरवणं, मग थंड पाणी, मग दोघांनी दोन टोकं धरून हवेत फडफडवणं. भर बाजारात, लोकांच्या डोक्यावरून, ओढणी वाळते.

तिथे रंगांची नावं ऐकायला थांबा. धानी, प्याजी, अंगूरी, फालसई, मोतिया, सुरमई, फिरोजी. आपल्याकडे आमसुली, अबोली, गुलबक्षी, मोरपंखी, चिंतामणी, विटकरी. दोन्ही याद्या शेतातून, बागेतून, स्वयंपाकघरातून आलेल्या. अडचण एवढीच की तुम्ही आमसुली मागितलात तर रंगरेजाला कळणार नाही, कारण तिथल्या वरणात आमसूल पडत नाही. त्यामुळे नमुना न्या. आमसुली हवी असेल तर डबीत दोन आमसुलं न्या, चिंतामणी हवा असेल तर आईच्या जुन्या साडीची कड. शब्दांवर विसंबू नका.

रंगरेजाला आणखी एक सांगा: जुन्या कापडावर डाग आहेत. हळदीचा किंवा तेलाचा डाग फिक्या रंगात लपत नाही, उलट खुलतो. अशा ओढणीला गडद रंगच द्यावा लागतो. काही रंगरेज आधी हायड्रोच्या पाण्यात जुना रंग काढून टाकतात. त्याचा वास नाकात जातो आणि विरलेलं कापड त्याने आणखी अशक्त होतं. ओढणी आजीची असेल तर या भानगडीत पडू नका. आहे त्या रंगावर गडद रंग चढवा. गुलाबीवर निळा चढवला की जांभळा, पिवळ्यावर निळा की हिरवा. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला शिकलेलं इथे उपयोगी पडतं, आणि मुलांना हे सांगायला लावलं तर ती खूश होतात.

ओढणी वाळेपर्यंत वेळ असतो. अमीनाबादपासून कैसरबाग जवळच आहे. तिथे वाजिद अली शाहच्या परीखान्यात आज संगीताचं विद्यापीठ भरतं, आणि त्याला नाव आहे भातखंडे. मुंबईतल्या वाळकेश्वरचे विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये इथे संगीताचं महाविद्यालय सुरू करण्यात पुढाकार घेतला. श्रीकृष्ण रातंजनकर यांनी पुढे अनेक वर्षं त्याचं प्राचार्यपद सांभाळलं. आपल्या ओढणीशी याचा काही संबंध नाही. पण दारावरून जाताना आतून तानपुरा ऐकू आला तर दोन मिनिटं थांबावं एवढं मराठी माणसाचं तिथे नातं आहे.

पुढचा मुक्काम चौक. गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा यांच्या मधली ही जुनी गल्ली. समोर दिसतात ती कुर्त्यांची दुकानं. तुम्हाला हवा आहे छपाईवाला, तो आडगल्लीत, एखाद्या अंधाऱ्या खोलीत बसलेला असतो. भिंतीला लाकडी ठशांचे थर. त्यांना ठप्पे म्हणतात. कैरी, वेल, जाळी, कोपऱ्याची नक्षी, एवढीशी बुटी, आणि मासे. जोडीने वळलेले दोन मासे ही अवधच्या नवाबांची खूण, लखनौच्या जुन्या दरवाज्यांवर ते जिथे तिथे दिसतात. ओढणीच्या कोपऱ्यात एक जोडी घेतली तर ती कुठली हे सांगावं लागत नाही. छपाईवाला नीळ आणि गोंद कालवलेल्या पाण्यात ठप्पा बुडवतो आणि मुठीने दणका देतो. कापडावर निळी नक्षी उमटते. ही फक्त टाके कुठे घालायचे त्याची खूण. काम पूर्ण झाल्यावर धुतली की निघून जाते. त्यामुळे निळ्या रेषा बघून घाबरू नका. गडद रंगवलेल्या ओढणीवर मात्र नीळ दिसत नाही. तिथे पांढरी छपाई करून मागा.

एकच सल्ला, आणि तो जरा आग्रहाने: कमी छापून घ्या. ठप्पे बघून हाव सुटते. सगळी ओढणी भरून घ्यावीशी वाटते. पहिल्या खेपेला दोन टोकं आणि मधे विखुरलेल्या दहा-बारा बुट्या, बस्स. विरलेल्या जागा, भोकं, न निघणारे डाग आधी खडूने दाखवा आणि बुट्या नेमक्या तिथेच पाडून घ्या.

चौकातून निघण्याआधी मुकेशच्या कामाचीही चौकशी करा. चांदीसारख्या चपट्या तारेला बादला म्हणतात. ती सुईने कापडातून काढून पिळतात, तोडतात, पुन्हा पुढे, आणि कापडावर चमकते ठिपके उमटतात. मग ते घासून गुळगुळीत करतात. हे काम करणारे आता बहुतेक म्हातारे पुरुष उरले आहेत. ओढणीवर थोडे ठिपके पाडून मिळाले तर काळ्या किंवा सुरमई रंगावर चांदण्या दिसतात. हे मात्र घरी करायला जाऊ नका, तारेने बोटं कापतात.

आता तुम्ही घरी. रिंग, बारीक सुई आणि कच्चा सुती धागा, म्हणजे फार पीळ नसलेला. सुईत किती तार घ्यायच्या हे कापडावर ठरतं. पातळ ओढणीला एक किंवा दोन पुरेत. घरात सगळ्यांना काम वाटून देता येतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला टेपची येते, हो, मुलालाही. आजीला बखिया. फंदे ज्याची नजर चांगली त्याने घालावेत. धागा हातभराहून लांब घेऊ नका, गुंतेल. सुरुवातीला गाठ मारण्यापेक्षा मागच्या टाक्यांत धागा अडकवून पुढे जा, म्हणजे मागची बाजूही दाखवण्यासारखी राहील.

पहिल्या बुटीला घड्याळ लावा. पाच पाकळ्यांचं एक फूल, दोन पानं, एक देठ. पहिल्या वेळी अर्धा तास सहज जाईल. मान अवघडेल, दिव्याखाली डोळे चुरचुरतील. आता कपाटातून विकत घेतलेली एखादी हाताने भरलेली चिकनची ओढणी काढा आणि तिच्यावरच्या बुट्या मोजा. समजा २०० निघाल्या. तुमच्या वेगाने १०० तास. ती भरणारी बाई तुमच्यापेक्षा पाचपट वेगाने काम करते असं धरलं, तरी २० तास. ती बहुतेक काकोरी, मलिहाबाद अशा लखनौच्या आसपासच्या गावांत किंवा शहराच्या जुन्या मोहल्ल्यात घरी बसून काम करते, स्वयंपाक आणि मुलं सांभाळून. मजुरी नगावर मिळते आणि ती ठरवणारा दुकानदार तिला बहुधा भेटतही नाही. मधे मध्यस्थ असतात, प्रत्येकाचा वाटा असतो. ती ओढणी तुम्ही केवढ्याला आणली होती ते आठवा, त्यातून कापड, छपाई, धुलाई, रंग, दुकानाचं भाडं आणि सगळ्यांचा नफा वजा करा. उरलेल्या रकमेला २० ने भागा.

हा हिशोब नवा नाही. मुझफ्फर अली यांनी १९८६ मध्ये चिकन करणाऱ्या बायकांवर 'अंजुमन' हा चित्रपट काढला. शबाना आझमी त्यात अशाच एका मुलीच्या भूमिकेत आहेत. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८४ मध्ये, लखनौमध्ये सेवा ही संस्था उभी राहिली. मध्यस्थांना बाजूला ठेवून कारागीर बायकांचं काम थेट विकायचं आणि मजुरी त्यांच्या हातात द्यायची, हा तिचा मार्ग. २००८ मध्ये लखनौच्या चिकनला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे दुसरीकडच्या मालाला हे नाव लावता येणार नाही. २०२४ मध्ये नसीम बानो यांना पद्मश्री मिळाली. वडिलांकडून शिकलेली त्यांची 'अनोखी' चिकनकारी इतकी बारीक की टाके कापडाच्या मागे दिसत नाहीत. (मघाशी मी उलट बाजू बघायला सांगितलं, त्यांच्या कामापुढे ती युक्ती चालत नाही.) मान मिळतो आहे, कायदा आहे. तरी बाजारात मशीनवरचं काम "हाथ का है" म्हणून विकलं जातं आणि खऱ्या हाताच्या कामाची किंमत त्याच्या बरोबरीने खाली ओढली जाते. घासाघीस करताना आपण नेमकं कुणाकडून दहा-वीस रुपये सोडवून घेतो, हे बुटी भरून झाल्यावर कळतं.

म्हणून छंदाला आणि खरेदीला एकमेकांपासून तोडू नका. आपली जुनी ओढणी आपण भरावी, नवी घ्यायची झाली तर हाताचं काम ओळखून, जिथे कारागिरांना थेट पैसे मिळतात अशा ठिकाणी घ्यावी, आणि तिथे भाव करू नये. छपाईवाल्याशी आणि रंगरेजाशीही नको. एका ओढणीसाठी त्याने शेगडी अडवून ठेवलेली असते.

लखनौ या वर्षी जमणार नसेल तर रंगाचं काम घरीच करून बघा. दिवाळीच्या सुमारास डाळिंबं येतात. साली टाकू नका, वाळवून ठेवा. दोन ओंजळी साली रात्रभर भिजवून तासभर उकळा, गाळा. सुती ओढणी आधी स्वच्छ धुऊन, तुरटीच्या कोमट पाण्यात काही तास ठेवून मग या पाण्यात सोडा आणि मंद आचेवर ठेवा. मोहरीसारखा पिवळा येतो. लोखंडाचे गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवून केलेल्या पाण्याचे थोडे थेंब दुसऱ्या बादलीत टाकून त्यात तीच ओढणी फिरवली, तर पिवळा बघता बघता शेवाळी-करडा होतो. हा क्षण मुलांना बोलावून दाखवण्याचा. कांद्याच्या टरफलांनी नारिंगी-तपकिरी येतो. हळदीचा पिवळा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात बेभरवशाचा, उन्हात वाळत घातला की उडतो. या कामाचं पातेलं वेगळं ठेवा, त्यात पुन्हा आमटी करायची नाही. छपाईवाला नाही म्हणून अडू नका. फिक्या कापडाखाली नक्षी काढलेला कागद ठेवून पेन्सिलीने हलक्या हाताने गिरवली तरी चालतं.

भरून झालेली ओढणी लखनौमध्ये धोब्याकडे जाते. गोमतीच्या काठी चिकन धुण्याचं काम पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे, आणि नीळ पूर्ण निघेपर्यंत धुणं हाही एक कसबाचा भाग मानतात. घरी बादलीभर थंड पाणी, थोडा सौम्य साबण, आणि धीर. पहिल्या पाण्यात निळा ढग उठेल, दुसऱ्यात कमी, तिसऱ्या-चौथ्यात पाणी स्वच्छ. चोळू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी वाळवा. इस्त्री करायची ती टॉवेलवर ओढणी पालथी घालून, मागच्या बाजूने. फंदे चपटे होत नाहीत आणि इस्त्री फिरवताना मागच्या सगळ्या गाठी एकदा डोळ्यांखालून जातात: आजीच्या सरळ, मुलाच्या वाकड्या, तुमच्या घाईत मारलेल्या.